भिंत घातली म्हणजे बेडरूम होत नाही

‘वन बीएचकेचा टू बीएचके करून देतो’ असं सांगणारा कंत्राटदार आज मुंबई-ठाण्यातल्या जवळपास प्रत्येक सोसायटीत कुणाला ना कुणाला भेटलेला असतो. त्याला एकच प्रश्न विचारा: जागा कुठून आणणार? घर काल साडेचारशे चौरस फूट होतं, उद्याही तेवढंच राहणार. खरं तर थोडं कमीच होणार. दहा फूट लांबीची चार इंची भिंत दोन्ही बाजूंचं प्लॅस्टर धरून चार चौरस फूट जमीन खाते. रेरा कायद्याच्या कार्पेट एरियात आतल्या भिंतीही मोजल्या जातात, त्यामुळे कागदावर घर तेवढंच दिसतं. पाय ठेवायची जागा मात्र गेलेली असते.

म्हणजे नवी खोली कुणी बाहेरून आणून देत नाही. ती घरातूनच कापून काढलेली असते. कधी स्वयंपाकघरातून, कधी बाल्कनीतून, कधी हॉलमधून. काही वेळा ती खालच्या शेजाऱ्याच्या छताच्या जिवावर होते, तर काही वेळा सगळ्या इमारतीच्या. यात आपण कुणाचं काय काढून घेतोय ते आधी समजून घ्यावं आणि मगच हातोडा मागवावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

गरज खरी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मुलगी दहावीला आहे, तिला अभ्यासाला दार लावून बसायचंय. गावाहून सासरे उपचारांसाठी आलेत आणि आता इथेच राहणार आहेत. 2020 पासून अनेकांचं ऑफिस घरात आलं, ते पुरतं परत गेलंच नाही. मुलाचं लग्न ठरलंय. या शहराने 160 चौरस फुटांच्या बीडीडी चाळीतल्या खोल्यांमध्ये अख्खी खटली नांदवली. नवं लग्न झालेल्या जोडप्याला पडद्याची आडोसा-खोली दिली आणि थोरल्या मुलांना पोटमाळ्यावर चढवलं. त्यांतल्याच वरळीच्या चाळींतल्या पहिल्या कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये 500 चौरस फुटांची, दोन बेडरूमची घरं मिळाली. त्यांचा आनंद कशाचा होता, हे चाळीत राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. स्वतःचं दार स्वतः लावून घेता येणं ही चैन नव्हे, माणसाची साधी गरज आहे.

मोठं घर घ्यावं म्हटलं, तर तेही सोपं नाही. मुंबईत दीड कोटीचं घर घेतलं, तर 6 टक्क्यांनी 9 लाख रुपये नुसतं मुद्रांक शुल्क. ते भरायचे, की तेवढ्याच पैशात आहे ते घर नवं करून घ्यायचं? माणूस दुसरा मार्ग धरतो, यात त्याची चूक नाही. त्या मार्गावर त्याला खरं सांगणारं कुणी भेटत नाही, ही खरी अडचण आहे.

सगळ्यात आधी स्वयंपाकघराचा बळी जातो. युक्ती सगळीकडे एकच. स्वयंपाकघराची बेडरूम करायची आणि ओटा न्यायचा हॉलच्या कोपऱ्यात, पॅसेजमध्ये नाही तर ड्राय बाल्कनीत. नकाशावर ‘ओपन किचन’ लिहिलं की झालं. घरात रोज फोडणी होते, मासे तळले जातात, कुकरच्या शिट्ट्या होतात, दळण येतं, निवडण होतं. याचा विचार ज्याने करायला हवा, तो त्या ओट्यापाशी कधी उभा राहिलेला नसतो. सकाळी सहापासून तिथे उभी राहणार असते ती बाई. तिची खिडकी गेली, भांडी घासायची जागा गेली, डब्यांची मांडणी गेली. आता चिमणीच्या घरघरीत तिला टीव्हीही ऐकायचा आणि पाहुण्यांसमोर पोळ्याही लाटायच्या. घराच्या नकाशावर चर्चा होते तेव्हा तिला विचारतात ते टाइल्सच्या रंगाबद्दल. ओटा कुठे हवा, हे आधी तिला विचारा. ती ‘नको’ म्हणाली, तर तो नकाशा तिथेच रद्द समजा.

ओटा हलला की पाणी हलतं, गॅसही हलतो. पाइपने येणाऱ्या गॅसची जोडणी सरकवणं हे गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाचं काम आहे. सोसायटीच्या प्लंबरने ती करायची नसते आणि तो पाइप भिंतीत गाडून वर टाइल लावणं तर त्याहून वाईट. पाण्याचं दुखणं वेगळं. तुमचं नवं सिंक किंवा नवं संडास-बाथरूम जिथे येतं, त्याच्या बरोबर खाली शेजाऱ्याचा पलंग असतो. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की संडास हे दुसऱ्या संडास-न्हाणीच्या वरच असावं, नाहीतर त्याखालची जमीन पूर्ण जलरोधक असावी. मूळ बाथरूमची स्लॅब त्यासाठीच खाली घेतलेली असते. बेडरूमची स्लॅब तशी नसते. मग कंत्राटदार जमीन सहा इंच उचलतो, त्यात विटांचे तुकडे भरून कोबा करतो आणि ज्या ठिकाणी कधी नव्हतं त्या ठिकाणी वजन आणून ठेवतो. दोन पावसाळ्यांत खालच्या घराचं छत ओलं होतं आणि वीस वर्षांचा शेजार वकिलाच्या नोटिशीवर येतो.

दुसरा नंबर बाल्कनीचा. बाल्कनी आत घेतली की खोली चार फुटांनी वाढते, हे गणित सगळ्यांना पाठ आहे. पण बाल्कनीची स्लॅब भिंतीबाहेर अधांतरी असते, तिला पुढच्या टोकाला आधार नसतो. अशा स्लॅबचं मुख्य लोखंड वरच्या अंगाला असतं. खोलीच्या स्लॅबमध्ये ते मधल्या भागात खाली असतं, इथे वर. आता काम कसं चालतं ते पाहा. खोलीची आणि बाल्कनीची जमीन एका पातळीत आणायची म्हणून उंबरठा फोडायचा असतो. मजूर ब्रेकर लावतो तो नेमका तिथेच, जिथे बाल्कनी इमारतीला धरून असते. टाइल निघते, खालचा मसाला निघतो, त्याखालचं काँक्रीटही निघतं, आणि गंजलेली सळी उघडी पडते. मजुराला कुणी काही सांगितलेलं नसतं. तो सळी वाकवतो, जास्त आड आली तर कापतो. दुपारपर्यंत वरून सिमेंट ओतून झालेलं असतं. संध्याकाळी मालक येतो, तेव्हा त्याला दिसते ती सपाट, सुंदर जमीन. तिच्यावर उद्या कपाट येणार, पलंग येणार, दोन माणसं झोपणार.

फ्लॉवर बेडचीही तीच गोष्ट. मुंबईत 2012 साली नियम बदलले, तोवर फ्लॉवर बेड चटईक्षेत्रात धरले जात नव्हते. बिल्डरांनी ते कुंड्यांसाठी म्हणून बांधले आणि ‘आत घेता येतात’ असं सांगून विकले. कुंड्यांची जागा म्हणून मंजूर झालेल्या त्या पट्टीवर आज कितीतरी घरांत मुलांचे पलंग आहेत. घर घेणाऱ्याला फसवण्याचा हा राजरोस प्रकार होता, आणि तो चालू दिल्याबद्दल पालिकांनाही जबाबदार धरलं पाहिजे.

आता भिंतीचं बोलू. ‘ही भिंत काढून टाकू, काही होत नाही साहेब,’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. भिंतीवर टकटक करून ती कशाची आहे हे ठरत नाही. जुन्या इमारतींत नऊ इंची विटांच्या भिंती वरचा सगळा भार पेलून उभ्या असतात. तिथे कॉलम नसतातच. नंतरच्या आरसीसी इमारतींत भार कॉलम आणि बीमवर असतो, मधल्या चार इंची भिंती फक्त आडोशाच्या. आणि गेल्या काही वर्षांतले जे टॉवर अॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून झाले, ज्याला लोक मायवान म्हणतात, त्यांत बेडरूम-हॉलमधली भिंतसुद्धा काँक्रीटची असते आणि ती इमारत उचलून धरत असते. तिच्यात नवं दार पाडता येत नाही, अगदी एसीच्या पाइपचं भोकसुद्धा विचारून पाडावं लागतं. घर नवं असेल, तर आणखी एक लक्षात ठेवा. रेरा कायद्याने ताबा मिळाल्यापासून 5 वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर असते. तुम्ही स्वतः भिंत फोडली की त्याला हात झटकायला आयतं कारण मिळतं.

भिंत काढण्याइतकंच भिंत घालणंही जोखमीचं आहे, हे तर बहुतेकांच्या गावीही नसतं. दहा फूट लांब, नऊ फूट उंच, चार इंची विटांची भिंत प्लॅस्टरसह जवळपास दोन टन भरते. राहत्या घराची स्लॅब आखताना माणसं आणि सामान मिळून एका चौरस मीटरला 200 किलो भार धरलेला असतो. तिथे तुम्ही दोन टनांची एक रेघ ओढता, आणि तीही बहुधा खाली बीम नसलेल्या जागी. हलक्या ब्लॉकची भिंत निम्म्याहून कमी वजनात होते. जिप्सम बोर्डाची तर अडीचशे किलोच्या आसपास. अशा भिंतीला खर्च थोडा जास्त येतो, आवाज थोडा जास्त ऐकू येतो. पण उद्या मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, की ती काढूनही टाकता येते. हा पर्याय असताना विटांची भिंत सुचवणारा कंत्राटदार तुमचं भलं बघत नाही, स्वतःचं काम सोपं करतो.

हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. घडलंय म्हणून लिहितोय. 25 जुलै 2017 ला घाटकोपरची ‘साई दर्शन’ ही चार मजली इमारत सकाळी कोसळली. 17 जण गेले. तळमजल्यावरच्या जागेत फेरबदलाचं काम चालू होतं आणि खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. 27 सप्टेंबर 2013 ला डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत पडली. ती पालिकेच्याच कर्मचाऱ्यांची वसाहत होती. 61 माणसं गेली. तिथेही तळमजल्यावरच्या गाळ्यातल्या फेरबदलांकडे बोट दाखवलं गेलं. जुलै 2007 मध्ये बोरिवलीत ‘लक्ष्मी छाया’ पडली, तेव्हाही तळमजल्यावरच्या दुकानाच्या नूतनीकरणाची चर्चा होती. तिन्ही वेळा काम एकाच्या जागेत चाललं होतं आणि मेले ते वर राहणारे. घर तुमच्या मालकीचं असेल, पण त्यातला कॉलम तुमचा एकट्याचा नाही. तुमच्या हॉलच्या कोपऱ्यात उभा असलेला तो खांब वरच्या सहा घरांचा आहे.

आता सोसायटीची कमिटी. परवानगीच्या पत्रात काय असतं? डिपॉझिट किती, लिफ्टला प्लायवूड लावा, दुपारी दोन ते चार ठोकाठोकी नको, मजुरांनी मागच्या जिन्याने यावं, राडारोडा गेटपाशी टाकू नये. पानभर अटी. नकाशा मात्र कुणी मागत नाही. कुठली भिंत निघणार, कुठली होणार, इंजिनीअर कोण, हे विचारायचं राहून जातं. वास्तविक आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं 5 वर्षांतून एकदा आणि 30 वर्षांपुढच्या इमारतीचं 3 वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. मुंबईत तर 30 वर्षं झालेल्या इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम 353-ब खाली स्थैर्याचा दाखला द्यावा लागतो. तो अहवाल सेक्रेटरीच्या कपाटात असतो. त्यात तुमच्या मजल्याच्या कॉलमबद्दल, बीमबद्दल लिहिलेलंही असतं. पण फेरबदलाची परवानगी देताना ती फाइल कुणी उघडत नाही. लिफ्टच्या आरशाला ओरखडा येऊ नये म्हणून जेवढी काळजी घेतो, तेवढी जरी कॉलमची घेतली, तरी पुष्कळ झालं.

सभासदही काही कमी नाहीत. ‘माझ्या घरात मी काहीही करीन’ हे ज्याच्या तोंडी, तोच वरच्याच्या घरी ठकठक सुरू झाली की पहिला तक्रार घेऊन येतो. भिंती हलवणं, बाल्कनी खोलीत घेणं, बाथरूम सरकवणं ही रंगरंगोटी नव्हे. यातल्या कशाला सोसायटीची आणि कशाला पालिकेची परवानगी लागते, हे काम सुरू करण्याआधी वास्तुविशारदाकडून लेखी घ्या. विनापरवाना बांधकामाला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, 1966 खाली नोटीस येऊ शकते. शिवाय हौसेने केलेला ‘टू बीएचके’ विकायला काढाल, तेव्हा गिऱ्हाइकाच्या बँकेचा मूल्यांकन करणारा मंजूर नकाशा हातात घेऊनच येईल. नकाशात एक बेडरूम असेल, तर त्याच्या हिशेबी घर एका बेडरूमचंच.

एवढं सगळं करून खोली होते कशी? ठाण्यातल्या एका घरात पाहिली. हॉल कापून केलेली, सात फूट बाय दहा फूट. पाच फुटी पलंग भिंतीला टेकवला की उरतात दोन फूट. त्यात कपाटाचं दार उघडेना, म्हणून सरकतं दार बसवलं. बाहेरची खिडकी हॉलच्या वाट्याला गेली. या खोलीला हॉलच्या बाजूने, वरच्या अंगाला काचेची एक पट्टी. भर दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट चालू. खोली आजी आणि नातीसाठी केलेली. नात अभ्यास हॉलमध्येच करायची आणि आजी दिवसभर त्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या. म्हणाल्या, ‘आत बसलं की दिवस कधी मावळला ते कळत नाही.’ घरच्यांनी खोलीवर काही लाख खर्च केले होते, प्रेमापोटी केले होते. पण ती खोली झोपण्यापलीकडे कुणाच्या कामाला आली नाही.

राष्ट्रीय इमारत संहितेने राहत्या खोलीची मापं उगाच घातलेली नाहीत. घरात दोन खोल्या असतील, तर एक किमान 9.5 चौरस मीटरची, म्हणजे सुमारे 102 चौरस फुटांची असावी. दुसरी किमान 7.5 चौरस मीटरची, म्हणजे 81 चौरस फुटांची, आणि तिची रुंदी 2.1 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण सात फुटांपेक्षा कमी नसावी. दमट हवेच्या भागात खिडक्यांची उघडी जागा जमिनीच्या किमान एक षष्ठांश असावी. मुंबईच्या हवेत ही अट म्हणजे औषध आहे. ज्या खोलीला बाहेरची हवा नाही, तिथे बुरशी धरते, गाद्यांना वास येतो, दमेकऱ्याचा दमा वाढतो. ‘एसी लावू की,’ असं कंत्राटदार सांगतो. घरातला स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, आतलीच हवा थंड करून परत सोडतो. आणि आग लागली तर? आतल्या खोलीतून बाहेर पडायचा एकमेव रस्ता हॉलमधून, त्याच हॉलमध्ये आता गॅसचा ओटा. खिडकी नाही, असलीच तर तिला पक्की जाळी. अशा खोलीत आपण म्हाताऱ्यांना आणि मुलांना झोपवतो.

मग करायचं काय? जे घर मुळात साडेचारशे फुटांचं आहे, त्यात दुसरी बेडरूम प्रत्येक वेळी बसतेच असं नाही, हे आधी मान्य करू. बाहेरची खिडकी दोन भागांत वाटून देता येत असेल, तरच हॉल कापा. नसेल, तर सरकत्या दारांचा आडोसा करा, जो दिवसा उघडा राहील आणि रात्री बंद होईल. आजीला मूळ बेडरूम द्या. तरुण माणसांनी हॉलमध्ये झोपावं, त्यांना चालतं. घडीचा पलंग, भिंतीला लागणारं टेबल, माळ्याची नीट आखणी यातून जी जागा निघते, ती बऱ्याचदा नव्या भिंतीपेक्षा जास्त असते. शेजारचा फ्लॅट विकायला निघाला असेल आणि ऐपत असेल, तर जोडी फ्लॅटचा विचार करा. पण तिथेही मधल्या भिंतीत दार पाडण्याआधी ती भिंत कशाची आहे ते बघा.

आणि खर्चाच्या यादीत पहिली ओळ स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या फीची लिहा. इटालियन मार्बल, फॉल्स सीलिंग, मॉड्युलर किचन हे सगळं त्याच्या खाली. त्याची फी या सगळ्यांपुढे किरकोळ असते, पण घासाघीस होते ती नेमकी तिथे. तो आला की त्याला मंजूर नकाशा आणि सोसायटीचा ऑडिट अहवाल द्या. तो येऊन बघून गेल्याशिवाय ब्रेकर आत येऊ देऊ नका. काम चालू असताना निदान एकदा तरी, फोडाफोडीच्या दिवशी, घरातलं एक माणूस तिथे उभं राहू द्या. सळी दिसली की काम थांबवायचं आणि इंजिनीअरला फोन करायचा, हे मजुराला त्याच्या भाषेत सांगून ठेवा. राडारोडा नाल्यात किंवा खाडीकाठी जाणार नाही, याचीही जबाबदारी तुमचीच. मुंबई पालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा त्यासाठीच आहे.

कमिट्यांना माझी विनंती आहे. येत्या वार्षिक सभेत एक ठराव करा. नकाशा आणि इंजिनीअरची सही असलेलं पत्र असल्याशिवाय कुठल्याही घरात भिंतीला हात लागणार नाही, मग तो सभासद कुणीही असो. शेजारी नाराज झाले तर होऊ द्या. नाराज शेजारी पुन्हा बोलायला लागतात. पडलेली इमारतही पुन्हा उभी राहते, माणसं परत येत नाहीत.